पेशींचे निरोपे

रात्रीं नऊच्या सुमारास जेवण आटोपून माणूस अंथरुणावर पडतो तो सकाळीं सहा-सात वाजेपर्यंत अन्नाचा कण तोंडांत घालीत नाहीं. या नऊ-दहा तासांत त्याचें हृदय थांबत नाहीं, श्वास थांबत नाहीं, आणि मेंदूचा कारभार तर झोपेंतहि जवळजवळ तितक्याच खर्चानें चालू असतो. हा सारा खर्च कोणत्या तिजोरींतून भागतो, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. पण एकदां हिशेब मांडला म्हणजे त्यांतील गूढ ध्यानांत येतें.

हिशेब असा. प्रौढ माणसाच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. निरोगी माणसाच्या रक्तांत उपाशीपोटीं दर शंभर घन सेंटिमीटरांस ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. म्हणजे सगळ्या रक्तांतील साखर एकत्र केली तरी ती चार-पांच ग्रॅम भरेल. चहाचा एक चमचा, त्याहून अधिक नाहीं. उलट एकट्या मेंदूला दिवसाकाठीं सुमारें १२० ग्रॅम साखर लागते, म्हणजे तासाला पांच ग्रॅम. वजनानें मेंदू शरीराचा पन्नासावा हिस्सा. पण माणूस स्वस्थ पडलेला असतांना जो खर्च होतो त्याचा पांचवा हिस्सा हा एकटाच खातो. तेव्हां पोटांतील अन्न पचून संपलें कीं त्यापुढें तासाभरांत रक्त रिकामें व्हावें आणि झोपलेला माणूस बेशुद्ध व्हावा, असा या गणिताचा निकाल आहे. प्रत्यक्षांत तसें होत नाहीं. पहांटे चार वाजतां रक्त तपासलें तरी साखर होती तेवढीच सांपडते. उलटपक्षीं पंगतींत श्रीखंडपुरीवर ताव मारून उठलेल्या माणसाच्या आंतड्यांतून शंभर-दीडशे ग्रॅम साखर रक्तांत उतरूं लागते. तीहि दोन-तीन तासांत कोठें तरी जिरून जाते, आणि चमचा पुन्हां चमच्याएवढाच राहतो. चमचा रिकामा होऊं लागला कीं कोणी तरी भरतो, आणि भरून वाहूं लागला कीं कोणी तरी काढून घेतो. हा भरणारा कोण, काढणारा कोण, आणि त्यांना वर्दी देतो कोण, हाच आजच्या भाषणाचा विषय.

भरणारा प्रथम सांपडला. पॅरिस येथें क्लॉड बर्नार या शरीरशास्त्रज्ञानें १८४८ सालीं असें दाखविलें कीं, कुत्र्याला केवळ मांसावर ठेविलें तरी त्याच्या यकृतांतून बाहेर पडणाऱ्या रक्तांत साखर असते. त्या काळचे विद्वान् असें धरून चालत कीं, साखर निर्माण करणें हें वनस्पतींचें काम आणि ती मोडून खाणें हें प्राण्यांचें. बर्नारच्या एका प्रयोगाची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्यानें मेलेल्या कुत्र्याचें यकृत काढून त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडलें आणि साखरेचा अंशहि सांपडेनासा होईपर्यंत तें धुतलें. मग तें तसेंच ठेवून दिलें. दुसऱ्या दिवशीं तपासतों तों त्यांत पुन्हां साखर! धुतलेल्या भांड्यांत साखर आली कोठून? अर्थात् ती भांड्याच्या आंतच दुसऱ्या कोणत्या तरी रूपानें दडून बसली असली पाहिजे. तें रूप बर्नारनें १८५७ सालीं वेगळें काढलें आणि त्याला ग्लायकोजेन असें नांव दिलें. पिठासारखा हा पांढरा पदार्थ म्हणजे साखरेचे असंख्य रेणु एकास एक जोडून रचलेली रास. यकृतांत ही रास सुमारें शंभर ग्रॅम असते, आणि हातापायांच्या स्नायूंत मिळून चारशेंच्या आसपास.

या दोन कोठारांत एक भेद आहे. यकृत आपलें धान्य गांवाला वांटतें, स्नायु मात्र स्वतःपुरतें ठेवतो. साखर रक्तांत परत सोडण्यास जें एक एन्झाइम लागतें तें स्नायूंपाशीं नाहीं. त्यामुळें मेंदू उपाशी मरत असला तरी मांडीच्या स्नायूंतील ग्लायकोजेन त्याला सरळ मिळावयाचें नाहीं. (एन्झाइम म्हणजे पेशीच्या कारखान्यांतील कारागीर, एकेक कारागीर एकेकच काम जाणतो.) या दोन कोठारांखेरीज तिसरें कोठार चरबीचें, आणि तें सर्वांत अफाट. साधारण बांध्याच्या माणसाच्या अंगावर दहा-पंधरा किलो चरबी असते, आणि ग्रॅमास नऊ कॅलरी या दरानें ती कित्येक आठवड्यांची बेगमी होते. तेव्हां माल भरपूर आहे. अडचण कुलपांची आणि हुकुमांची आहे.

हुकूम पोंचविणारे निरोपे रक्तांतून फिरतात, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभींची. लंडनमध्यें बेलिस आणि स्टार्लिंग यांनीं १९०२ सालीं असें सिद्ध केलें कीं, आंतड्याच्या अस्तरांतून निघालेलें एक द्रव्य रक्तावाटे स्वादुपिंडाला कामास लावतें. मज्जातंतूंची त्यांत मध्यस्थी नसते. अशा द्रव्यांना स्टार्लिंगनें १९०५ सालीं हॉर्मोन हें नांव दिलें. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतविणें, प्रवृत्त करणें असा आहे. मराठींतील संप्रेरक हा शब्द त्याला चांगला जुळतो.

साखरेच्या कारभारांतील मुख्य निरोप्याचा ठावठिकाणा मात्र एका रोगामुळें लागला. मधुमेह हा आपल्या वैद्यांना फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात हें आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत नोंदलेलें आहे. परंतु त्याचें मूळ कोठें, हें १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें समजलें. मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, आणि त्या कुत्र्याला तीव्र मधुमेह झाला. त्यापूर्वीं वीस वर्षें, १८६९ सालीं, लांगरहान्स नांवाच्या बर्लिनमधील विद्यार्थ्यानें स्वादुपिंडांत पेशींचीं लहान लहान बेटें पाहिलीं होतीं. तीं कशासाठीं आहेत हें त्याला सांगतां आलें नव्हतें. दोन्ही गोष्टी जुळवून लोक म्हणूं लागले कीं, या बेटांतून कांहीं तरी द्रव्य रक्तांत जात असावें. तें हातीं लागण्यापूर्वींच त्याला बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून इन्सुलिन हें नांवहि मिळालें. बारसें आधीं आणि जन्म मागाहून, असा हा प्रकार.

जन्म टोरोंटो येथें झाला. फ्रेडरिक बँटिंग हा कॅनडांतील तरुण शस्त्रवैद्य. त्याचा धंदा चालत नव्हता. १९२० च्या ऑक्टोबरच्या अखेरीस एक लेख वाचून त्याला रात्रीं अशी कल्पना सुचली कीं, स्वादुपिंडाची नळी बांधून टाकावी, म्हणजे पाचक रस तयार करणाऱ्या पेशी झडून जातील, बेटें तेवढीं उरतील, आणि त्यांतील द्रव्य न बिघडतां काढतां येईल. टोरोंटो विद्यापीठाचे प्राध्यापक मॅकलाऊड यांनीं, फारसा विश्वास नसतांहि, त्याला एक खोली, कांहीं कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट नांवाचा एक विद्यार्थी दिला. १९२१ च्या मे महिन्यांत काम सुरू झालें. गंमत अशी कीं, बँटिंगची मूळ कल्पना अनावश्यक ठरली. खाटकाकडून आणलेल्या गाईबैलांच्या साध्या स्वादुपिंडांतूनहि आम्ल मिसळलेल्या मद्यार्कानें तें द्रव्य काढतां येतें, हें पुढें दिसून आलें. शास्त्राच्या इतिहासांत चुकीच्या वाटेनें योग्य गांवीं पोंचलेले प्रवासी थोडे नाहींत. मात्र पोंचण्यासाठीं चालत राहावें लागतें, आणि बँटिंग हट्टी होता.

त्या वेळीं या रोगाचा अर्थ काय होता हें आज लक्षांत येणें कठीण आहे. ज्या मुलाला मधुमेह जडला तें मूल वर्ष-दोन वर्षांत, कधीं त्याहूनहि लवकर, दगावत असे. उपचार एकच होता, उपासमार. अन्न जवळजवळ तोडून टाकावयाचें, म्हणजे मरण कांहीं महिने लांबे. आईबापांनीं आपल्या भुकेल्या मुलापासून भाकरीचा तुकडा दडवून ठेवावा, अशी ती चिकित्सा होती.

टोरोंटोच्या जनरल हॉस्पिटलांत लेनर्ड थॉमसन नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा १९२१ च्या डिसेंबरांत दाखल झाला. वजन पासष्ट पौंड, केवळ हाडांचा सांपळा. श्वासाला ॲसिटोनचा, म्हणजे फार पिकून उतूं लागलेल्या फळांसारखा वास. ११ जानेवारी १९२२ रोजीं त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनीं तयार केलेला अर्क टोंचण्यांत आला. रक्तांतील साखर ४४० वरून ३२० वर आली. पण टोंचलेल्या जागीं गळूं झालें, आणि श्वासाचा वास गेला नाहीं. प्रयोग थांबविण्यांत आला. पुढील बारा दिवसांचें श्रेय जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाचें आहे. त्याच्या असें ध्यानांत आलें कीं, मद्यार्काचें प्रमाण वाढवीत नेलें तर पुष्कळशी घाण आधीं खालीं बसते, आणि नव्वद टक्क्यांच्या किंचित् वर गेल्यावर हवें असलेलें द्रव्य स्वतः खालीं बसतें. २३ जानेवारीला हा शुद्ध केलेला अर्क त्याच मुलाला देण्यांत आला. एका दिवसांत साखर ५२० वरून १२० वर उतरली, मूत्रांतील ॲसिटोन नाहींसें झालें, मूल उठून बसूं लागलें. लेनर्ड थॉमसन पुढें तेरा वर्षें जगला, आणि १९३५ सालीं फुप्फुसाच्या दाहानें वारला.

१९२३ चें नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅकलाऊड यांना मिळालें. बँटिंगनें आपल्या वांट्याचा अर्धा पैसा बेस्टला दिला, तेव्हां मॅकलाऊडनीं आपला अर्धा कॉलिपला दिला. या चौघांत पुढें फारसें सख्य राहिलें नाहीं. पण एक गोष्ट कायमची जमा आहे: औषधाचा हक्क विद्यापीठाला बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनीं प्रत्येकीं एका डॉलरला देऊन टाकला.

इतकें झालें तरी, इन्सुलिन पेशींत जाऊन नेमकें करतें काय, याचें उत्तर टोरोंटोंत कोणापाशींहि नव्हतें. त्यासाठीं पेशीच्या आंत डोकावणें भाग आहे.

पेशींतील कोणतेंहि काम साखर जाळून सरळ होत नाहीं. मोठी नोट घेऊन बसमध्यें चढलें तर कंडक्टर तिकीट देत नाहीं. आधीं मोड करून घ्यावी लागते. साखर आणि चरबी या मोठ्या नोटा; आणि पेशीच्या बाजारांत चालणारें सुटें नाणें म्हणजे ए. टी. पी. हें नाणें शोधून काढणाऱ्यांत एक भारतीय नांव आहे, आणि तें असावें तितकें आपल्याकडे घरोघर पोंचलेलें नाहीं. भीमावरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीं मद्रासेस वैद्यकाचें शिक्षण घेतलें आणि पुढें अमेरिकेंत हार्वर्ड येथें सायरस फिस्के यांच्यासह काम करतांना १९२९ सालीं स्नायूंतून हें द्रव्य वेगळें काढलें. त्याच वर्षीं जर्मनींत कार्ल लोमान यानेंहि तें स्वतंत्रपणें शोधलें. ए. टी. पी. च्या रेणूला तीन फॉस्फेटांची शेपटी असते. शेवटचें फॉस्फेट तुटलें कीं शक्ति मोकळी होते, आणि उरलेला रेणु पुन्हां फॉस्फेट जोडून घेण्यासाठीं परत जातो. शरीरांत एका वेळीं हें द्रव्य फार तर शंभर ग्रॅमच्या आसपास असतें. पण तेंच तें नाणें इतक्या झपाट्यानें फिरतें कीं, दिवसभराची एकूण उलाढाल माणसाच्या वजनाइतकी भरते. नोटा मोडण्याची मुख्य पेढी म्हणजे मायटोकाँड्रिया या नांवाच्या, पेशींतील सूक्ष्म कोठड्या.

आतां निरोप्यांकडे परत वळूं. रस्ता ओलांडतांना अंगाशेजारीं अकस्मात् मोटारीचा भोंगा वाजावा, आणि छाती धडधडूं लागावी, हा अनुभव शहरांत कोणाला नाहीं? त्या क्षणीं मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तांत सुटलेलें असतें, आणि कांहीं क्षणांतच यकृतांतील ग्लायकोजेनची रास मोडून साखर बाहेर येऊं लागते. बाहेरच्या एका निरोपानें आंतलें कोठार कसें उघडतें, याचा शोध अर्ल सदरलंड यानें घेतला. सेंट लुई येथें कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या प्रयोगशाळेंत तो शिकला होता. ग्लायकोजेन मोडणारें एन्झाइम याच दांपत्यानें शोधिलें होतें, आणि १९४७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकहि मिळालें.

सदरलंडचा क्लीव्हलंड येथील प्रयोग इतका सरळ आहे कीं तो स्वयंपाकघरांतल्या भाषेंत सांगतां येईल. त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं यकृत वाटून त्याचा रस केला. त्यांत ॲड्रेनलिन घातलें, तर ग्लायकोजेन मोडणारें एन्झाइम जागें झालें. मग हाच रस यंत्रांत गरगर फिरवून त्यांतील गाळ, म्हणजे पेशींच्या आवरणांचे फुटके तुकडे, खालीं बसविला आणि वरची निवळी तेवढी घेतली. एन्झाइम निवळींत होतें. पण आतां कितीहि ॲड्रेनलिन घाला, तें जागें होईना. तेव्हां त्यांनीं उलट केलें. नुसत्या गाळांत ॲड्रेनलिन घातलें, कांहीं वेळानें तें मिश्रण उकळलें, आणि त्याचें वरचें पाणी निवळींत टाकलें. एन्झाइम ताडकन् जागें झालें! उकळल्यावर कोणतेंहि एन्झाइम जगत नाहीं. म्हणजे गाळांत, आवरणाच्या तुकड्यांवर, ॲड्रेनलिनच्या स्पर्शानें दुसरें कांहीं तरी लहानसें, उष्णतेला दाद न देणारें द्रव्य तयार झालें होतें. तें द्रव्य म्हणजे चक्रीय ए. एम. पी. हे शोध १९५७-५८ च्या सुमारास प्रसिद्ध झाले, आणि १९७१ सालीं सदरलंडला नोबेल पारितोषिक मिळालें.

याचा अर्थ फार मोठा आहे. ॲड्रेनलिन पेशींत शिरतच नाहीं. तें दारावरची कडी वाजवितें. दारापाशींचा ग्राही तो आवाज ओळखतो, आणि आंतल्या बाजूस दुसरा निरोप्या धांवूं लागतो. बाहेरून एक निरोप आला तर आंत चक्रीय ए. एम. पी. चे अनेक रेणु सुटतात. ते एका कारागिराला चेतवितात, तो दुसऱ्या शेंकडोंना, आणि ते पुढच्यांना. गांवांत एकानें दवंडी पिटावी आणि घरटी माणसें बाहेर पडावीं, तसा हा विस्तार होतो. म्हणून रक्तांत निरोप्यांचें प्रमाण अति अल्प असूनहि त्यांचा अंमल एवढा मोठा.

कारागिरांना चेतविण्याची रीतहि मजेदार आहे. ती एडविन क्रेब्झ आणि एडमंड फिशर यांनीं १९५५ च्या सुमारास उलगडली. एन्झाइमच्या अंगावर एक फॉस्फेट चिकटवावयाचें, बस्स. कचेरींतील शिक्क्याप्रमाणें हें काम करतें. मात्र एकाच शिक्क्याचा अर्थ दोन कारागिरांना दोन प्रकारचा. ग्लायकोजेन मोडणाऱ्यावर शिक्का बसला कीं तो कामाला लागतो. ग्लायकोजेन रचणाऱ्यावर तोच शिक्का बसला कीं तो हात आंखडतो. एका हातानें भिंत बांधावी आणि दुसऱ्यानें पाडावी, असला मूर्खपणा पेशींत सहसा घडत नाहीं तो या योजनेमुळें. रात्रीच्या शांत वेळीं हेंच काम स्वादुपिंडाच्या बेटांतून निघणारा ग्लुकागॉन नांवाचा निरोप्या यकृतापाशीं करीत असतो. त्याला नांव १९२३ सालीं मिळालें. झोपलेल्या माणसाचा चमचा पहांटे भरून ठेवणारा तो हाच. रात्र सरतां सरतां कोठार आटूं लागतें, तेव्हां प्रथिनांच्या मोडींतून आणि स्नायूंनीं टाकलेल्या लॅक्टिक आम्लांतून नवी साखर घडविण्याचें कामहि त्याच्याच हुकुमानें चालतें.

इन्सुलिनचा निरोप याच्या उलट. जेवणानंतर साखर वाढली कीं बेटांतल्या पेशी तें ओळखतात आणि इन्सुलिन सोडतात. एक्कावन्न अमिनो आम्लांची ही लहानशी रचना. तिचा पूर्ण क्रम केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगरनें १९५५ पर्यंत लावला, आणि तिचा घाट डोरथी हॉजकिन हिनें १९६९ सालीं क्ष-किरणांनीं उजेडांत आणला. इन्सुलिन ग्राहीवर बसलें म्हणजे आंत जें सत्र सुरू होतें त्याचा एक परिणाम असा कीं, ग्लुकागॉननें मारलेले शिक्के पुसले जातात. यकृत साखर वांटणें थांबवून ती रचूं लागतें. दुसरा परिणाम स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत. साखर या पेशींत आपोआप झिरपत नाहीं; तिला दारें लागतात. हीं दारें, उपाशीपोटीं, पेशीच्या आंत लहान पिशव्यांत गुंडाळून ठेवलेलीं असतात. इन्सुलिनचा निरोप आला कीं पिशव्या पृष्ठभागाकडे सरकतात, आवरणाला मिळतात, आणि दारें बाहेरच्या बाजूस येऊन बसतात. १९८० सालीं दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं ही गोष्ट स्वतंत्रपणें दाखविली. साखर ओसरली कीं दारें पुन्हां आंत ओढलीं जातात. जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजाहि इतका हुकमी नव्हता.

जातां जातां एक. एकादशीचा उपवास करणाऱ्या पुष्कळ घरांत साबूदाण्याची खिचडी, बटाटे आणि रताळीं यांचा फराळ होतो. धर्मशास्त्र काय म्हणतें तो प्रश्न निराळा. पण इन्सुलिनला पंचांग कळत नाहीं. साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्याची साखर होतांच स्वादुपिंडाच्या दृष्टीनें ती द्वादशीच होय.

इन्सुलिनचा तिसरा परिणाम चरबीवर, आणि लेनर्ड थॉमसनच्या श्वासाचा वास येथें समजतो. चरबीच्या कोठारावरचें कुलूप इन्सुलिननें लावलेलें असतें. तें संपूर्ण नाहींसें झालें कीं चरबी सैरावैरा वितळूं लागते, मेदाम्लांचा लोंढा यकृतावर येतो, आणि यकृत त्यांचें रूपांतर ॲसिटोनच्या जातीच्या आम्लांत करीत सुटतें. रक्त आम्ल होतें, आणि रोगी बेशुद्धींत जातो. एकीकडे रक्त साखरेनें तुडुंब, तरी स्नायूंचीं दारें बंद. आणि यकृताला केवळ ग्लुकागॉनचा आवाज ऐकूं येत असल्यामुळें तें आणखी साखर ओततच राहतें. अंगणांत धान्याच्या राशी आणि घरांत फांका, अशी त्या मुलाची स्थिति होती.

हे निरोपे घटकाभराचे. इन्सुलिनचा रेणु रक्तांत थोडींच मिनिटें टिकतो. याउलट गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा निरोप्या संथ. थायरॉक्झिन हें द्रव्य एडवर्ड केंडल यानें १९१४ च्या नाताळांत स्फटिकरूपानें वेगळें केलें. थायरॉक्झिन, किंवा त्यापासून होणारें अधिक प्रखर द्रव्य, दारावर कडी न वाजवितां थेट पेशीच्या केंद्रापर्यंत जातें आणि तेथील मूळ दप्तरांतच फेरफार करतें: अमुक एन्झाइमें अधिक बनवा, मायटोकाँड्रिया वाढवा. परिणाम दिसण्यास दिवस लागतात आणि तो आठवडेच्या आठवडे टिकतो. ज्याच्या अंगीं थायरॉइड कमी तो उन्हाळ्यांतहि शाल मागतो. ज्याच्या अंगीं जास्त तो भरपूर जेवूनहि वाळत जातो. इन्सुलिन जाळ कमी-जास्त करील, थायरॉइड चुलीचा आकारच बदलतो.

इतकें कळल्यावर आज घरोघर दिसणाऱ्या मधुमेहाकडे पाहूं. लेनर्डचा रोग आणि पन्नाशींतल्या गृहस्थाचा रोग एक नव्हे, हें लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थनें १९३६ सालींच सांगितलें होतें. पहिल्यांत निरोप्या नाहींसा झालेला असतो. दुसऱ्यांत निरोप्या येतो, कडीहि वाजवितो. पण आंत कोणी नीट ऐकत नाहीं. स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशींत नको तेथें चरबी सांठली म्हणजे ग्राहीपासून पुढें जाणारा निरोप वाटेंतच अडखळतो. स्वादुपिंड मग अधिक इन्सुलिन सोडतें, वर्षानुवर्षें सोडतें, आणि शेवटीं बेटें थकतात. स्नायूंचीं दारें उघडण्याची एक दुसरी वाट मात्र शिल्लक असते: स्नायु राबूं लागला कीं त्याच्या पेशी आपल्याच ए. टी. पी. चा खर्च ओळखतात, आणि इन्सुलिनची वाट न पाहतां दारें बाहेर आणतात. चालून आलेल्या माणसाची साखर उतरलेली दिसते तिचें एक कारण हें.

आपल्या लोकांत हा रोग तुलनेनें कमी वजनाच्या माणसांनाहि आणि लवकर कां गांठतो, याचा माग पुण्यास निघाला. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा गांवांतील स्त्रियांची नोंद ठेवण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या बाळांचीं मापें जन्मतांच घेतलीं. तीं इंग्लंडमधील साउदम्पटन येथील बाळांशीं ताडून पाहिलीं. तेथील बाळ सरासरीनें साडेतीन किलोचें, येथील दोन किलो सातशें ग्रॅमचें. पोट लहान, दंड बारीक, स्नायु कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नाहीं. त्याच संशोधकांनीं पुण्यांत जन्मलेल्या बाळांच्या नाळेंतील रक्तहि तपासलें. बाळ वजनानें लहान असूनहि त्या रक्तांत इन्सुलिनचें प्रमाण इंग्रज बाळांपेक्षां अधिक निघालें. आईच्या दुधाचा पहिला घोट पोटांत जाण्यापूर्वींच या अर्भकांच्या रक्तांत निरोप्या जरा मोठ्यानें हांका मारीत होता. सहा गांवांतील तीं मुलें पुढें शाळेंत गेलीं, वयांत आलीं, आणि त्यांच्या रक्तांतील साखरेची व इन्सुलिनची नोंद पुढेंहि त्याच वह्यांत होत राहिली.